ख्रिस्ती शाळेत शेती-पशुविज्ञान शिकवतेय, दर धड्याला वचन कुठून आणू?

नवी_शेतीबाई

नमस्कार मंडळी. मी कृषी पदवीधर. आधी बियाण्यांच्या कामात होते, आता एका ख्रिस्ती शाळेत आठवी ते दहावीला शेती आणि पशुविज्ञान शिकवायला लागले आहे. शाळेचं स्वतःचं थोडं रान आहे, शेळ्या आहेत, दोन गायी आहेत, कोंबड्यांचं खुराडं आहे. मुलंही गुणी आहेत. शेणात हात घालायला कुणी नाक मुरडत नाही.

अडचण अशी की मी स्वतः ख्रिस्ती नाही. बायबल आमच्या घरात कधी नव्हतं. मुख्याध्यापकांनी अगदी गोडीत सांगितलं की इथे प्रत्येक विषय विश्वासाशी जोडून शिकवतात, तेव्हा पाठ टाचणात दर धड्याला एक वचन येऊ द्या. म्हणून जुनी टाचणवही चाळली. मातीच्या धड्यावर 'आदामाला मातीपासून घडवलं', दुधाच्या धड्यावर 'दुधामधाचा देश', कोंबडीपालनावर येशूचा शिष्य पेत्र याच्या वेळचा आरवणारा कोंबडा. खाली धडा कुठल्याही शाळेत असतो तसाच. कपाळावर टिकली चिकटवावी तसं वचन वर चिकटवलेलं. मला तसं करायचं नाही, पण दुसरं काय करतात तेही कळत नाही.

त्यात परवा नववीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, याकोबाने सोललेल्या काठ्या पाण्यात ठेवल्या म्हणून ठिपकेदार करडं झाली ना? मग तुम्ही मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम कशाला शिकवता?" वर्ग खो खो हसला. पुढच्या तासाला सांगते म्हटलं. आता तो तास तोंडावर आला आहे.

आणि शेवटचं. तीन बोकड विकायचे आहेत. ते खाटकाकडेच जाणार हे उघड आहे. मुलांनी त्यांची नावं ठेवली आहेत. काय सांगू?

कोरडवाहू

ताई, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका. वचन फळ्यावर लिहायचं, एका मुलाकडून वाचून घ्यायचं, की झालं. मग आपलं विज्ञान शिकवायचं. मेंडेल विज्ञान, याकोब गोष्ट. दोन्हींची सरमिसळ केली की दोन्हीकडून बोलणी खाल. बोकडांचं म्हणाल तर सुट्टीच्या दिवशी विकून टाका, मुलांना कळणारही नाही.

जुना_शेतीमास्तर

कोरडवाहू, सुट्टीच्या दिवशी गुपचूप विकायचा सल्ला कृपा करून देऊ नका. त्यावर नंतर येतो.

ताई, मी अशाच एका शाळेत निवृत्तीपर्यंत शेती शिकवली. मी चर्चला जाणारा माणूस, पण चर्चला जाणाऱ्याला शेती चांगली शिकवता येते असं काही नसतं, उलटे नमुने मी भरपूर पाहिलेत. तुम्ही ख्रिस्ती नाही हे मनावर घेऊ नका. ज्यांनी हे शास्त्र, म्हणजे बायबल, लिहिलं आणि ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं त्यांना नांगर, मळणी, कळप, सगळं ठाऊक होतं. आजच्या कित्येक पाळकांना ते ठाऊक नाही. तुम्हाला आहे.

माझं म्हणणं एवढंच: धडा तयार करून त्याला वचन शोधत बसू नका. ज्या वचनात मुळातच शेती आहे किंवा जनावर आहे तेच घ्या आणि ते शेतीचं म्हणूनच शिकवा. जिथे नाही तिथे सोडा. युरियाच्या मात्रेवर वचन नाही, ठिबकच्या दाबावरही नाही. मी मुख्याध्यापकांना पहिल्याच सत्रात यादी करून दिली होती की या एवढ्या धड्यांना शास्त्रातला उतारा खरोखर लागू पडतो, बाकीच्यांना मी ओढूनताणून लावणार नाही. ते म्हणाले, मास्तर, बरं झालं, मलाही ती कोंबड्याची ओवी वाचून कंटाळा आला होता.

आता याकोब. त्या मुलीला आधी शाबासकी द्या. बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, तिसावा अध्याय काढा. याकोब सासऱ्याचे कळप राखायचा. करार असा की कळपात जी ठिपकेदार, पट्टेदार जनावरं निघतील ती याकोबाची मजुरी. सासरा लाबान हुशार. त्याने त्याच दिवशी असली सगळी जनावरं बाजूला काढून आपल्या मुलांच्या ताब्यात दिली आणि मध्ये तीन दिवसांच्या वाटेचं अंतर ठेवलं. याकोबाकडे उरली ती एकरंगी. इथे थांबा आणि वर्गाला विचारा: दोन्ही आईबाप एकरंगी असताना ठिपकेदार करडू होईल का?

मेंडेल नीट समजलेलं पोर म्हणेल की हो, ठिपका अप्रभावी असेल आणि दोघांच्याही अंगात लपून असेल तर होईल. मग वाटाण्याचे आकडे फळ्यावर लिहा. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांचा संकर केला, पहिल्या पिढीत सगळे गोल. दुसऱ्या पिढीत 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले. भागाकार मुलांनाच करू द्या, तीनाच्या आसपास येतो. सुरकुती कुठे गेली नव्हती, दबून बसली होती. लाबानाने रंग कळपातून काढला, रक्तातून काढता आला नाही. मात्र शेळीचा रंग वाटाण्यासारखा एकाच जनुकावर ठरत नाही, हेही त्याच तासाला सांगून टाका. नाहीतर पोरं गोठ्यात जाऊन तीनास एकचा हिशोब मांडतात आणि तो जुळत नाही.

मग काठ्या? कळप पाणी प्यायला यायचा तिथे त्याने सालीचे पट्टे सोललेल्या काठ्या मांडल्या होत्या. माजावर आलेली किंवा गाभण मादी जे बघेल तसं पिल्लू होतं, ही समजूत फार जुनी आणि फार ठिकाणी होती. याकोबालाही ती असणार. पण 41 आणि 42 या ओव्या सावकाश वाचा. धट्टीकट्टी जनावरं फळायला आली की तो काठ्या मांडायचा, दुबळी आली की मांडायचा नाही. म्हणजे काठ्या सोडून द्या, माणूस जनावर निवडत होता. परिणाम तिथेच लिहिलाय: दुबळी लाबानाची झाली, धट्टीकट्टी याकोबाची. आणि पुढच्या, एकतिसाव्या अध्यायात तो बायकांना आपलं स्वप्न सांगतो, त्यात काठ्यांचं नावही नाही. त्याला दाखवलं जातं ते असं की माद्यांवर उडणारे नर ठिपकेदार आणि पट्टेदार आहेत. नराकडे बघ! पैदाशीच्या धड्याची सुरुवात कुठलाही पशुवैद्य हेच सांगून करील.

दोन्ही अध्याय शेजारी शेजारी ठेवून मुलांनाच वाचू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका. सापडलं की ती ओरडतात.

मेंडेल शिकवताना आणखी एक सांगाच. हा माणूस ब्रनोच्या ऑगस्टिनियन मठातला साधू. शिक्षकीच्या परीक्षेत दोनदा अडकला, ती परीक्षा कधी पास झालाच नाही, आणि तरी वर्षानुवर्षं शाळेत शिकवत राहिला. 1865 साली त्याने आपलं काम सभेत वाचून दाखवलं. त्याचं मोल लोकांना कळायला 1900 उजाडलं, तोवर तो जाऊन सोळा वर्षं झाली होती. मागच्या बाकावरच्या मंडळींना हा धडा फार आवडतो.

तुमच्या मुख्याध्यापकांना विश्वास आणि विषय जोडलेला हवा आहे ना? मग माणसं दाखवा. मधमाश्यांच्या पेटीतल्या चौकटी आज बाहेर काढता येतात त्या लँगस्ट्रॉथ नावाच्या एका पाळकामुळे. माश्या साधारण नऊ मिलिमीटरची फट मोकळी सोडतात, ती मेणानेही भरत नाहीत आणि डिंकानेही नाही, हे त्याने ओळखलं आणि 1852 साली त्या पेटीचं पेटंट घेतलं. जनावराचा रक्तदाब पहिल्यांदा मोजला तोही स्टीफन हेल्स या इंग्लंडमधल्या पाळकाने. घोडीच्या धमनीत पितळी नळी घातली, तिला उभी काचेची नळी जोडली, रक्त आठ फुटांच्या वर चढलं. 1733 साली त्याने ते छापलं. घोडी जिवंत होती, बांधलेली होती, आणि त्या प्रयोगात तिचा जीव गेला. दहावीला मी हे वाचून दाखवायचो आणि विचारायचो, हे करायला हवं होतं का? तास संपायचा, वाद संपायचा नाही.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तर हवाच. अमेरिकेत गुलामगिरीत जन्म, 1896 पासून टस्कीगीला शेतीचा शिक्षक, कापसाने थकलेल्या जमिनीत भुईमूग आणि चवळी घ्यायला लावणारा, आणि विद्यार्थ्यांसाठी बायबलचा वर्ग घेणारा. 1906 साली त्याने शेतीची शाळाच घोडागाडीवर चढवून शेतकऱ्यांच्या दारात नेली. फक्त फलकावर 'शेंगदाण्याच्या लोण्याचा जनक' असं लिहू नका. सगळीकडे लिहिलेलं असतं, खरं नाही. आपल्याकडे अलाहाबादला 1910 साली कृषी संस्था उभी करणारे सॅम हिगिनबॉटम हे आधी अर्थशास्त्र शिकवणारे मिशनरी. गरिबीवर व्याख्यानं देण्यापेक्षा शेती शिकवावी असं वाटलं म्हणून परत जाऊन स्वतः शेती शिकून आले.

आणि मातीच्या धड्याला आदाम नको. येशूने सांगितलेली पेरणाऱ्याची गोष्ट, म्हणजे पेरणाऱ्याचा दाखला घ्या, मार्कचा चौथा अध्याय. मुलांच्या हातात एक लोखंडी सळई द्या आणि शाळेच्या आवारात फिरवा. पायवाटेवर सळई बोटभर जाते आणि अडते, वाफ्यात कोपरापर्यंत जाते. वाट तुडवून घट्ट झालेली आहे, हवा नाही, पाणी मुरत नाही, बी वरच राहतं, पाखरं खातात. दाखल्यात हेच आहे. मग तळाशी दगड आणि वर दोन बोटं माती असा एक ट्रे भरा, दुसरा खोल मातीचा, दोन्हींत एकच बियाणं पेरा. बहुतेक वेळा उथळ ट्रेमधलं आधी उगवतं, कारण पातळ थर लवकर तापतो. मुलं खूश. आणि मग पाणी एक दिवस चुकलं की तेच रोप दुपारी मान टाकतं. 'खोल माती नसल्यामुळे ते लगेच उगवलं' ही ओळ मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती शेतकऱ्याने पाहून सांगितलेली ओळ आहे हे मला त्या ट्रेने सांगितलं.

नवी_शेतीबाई

मास्तर, किती लिहिलंत! तुमचे आभार कसे मानू. दोन्ही अध्याय काल रात्री वाचून काढले. लाबान तर आमच्या एका जुन्या डीलरची आठवण करून देतो.

एक भीती आहे. निवड म्हटलं की पुढे उत्क्रांती येणार. काही पालकांना तो शब्दही खपत नाही असं स्टाफरूममध्ये ऐकलं. तिथे काय करायचं?

संडेस्कूलवाली

मीही वाचतेय हे सगळं. मी आमच्या चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग घेते. नवी_शेतीबाई, तुम्हाला अजून एक प्रश्न येणार आहे, आधीच सांगून ठेवते. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात कोणती जनावरं खायची आणि कोणती नाही ते आहे. खूर दुभंगलेला हवा आणि रवंथ करणारं हवं. उंट रवंथ करतो, खूर दुभंगलेला नाही म्हणून बाद. डुकराचा खूर दुभंगलेला, रवंथ नाही म्हणून बाद. आणि मग लिहिलंय की ससा रवंथ करतो! मला एका मुलाने विचारलं, ससा कुठे रवंथ करतो? मी म्हटलं, शास्त्रात आहे म्हणजे करत असेल. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की पटलेलं नाही. यावर तुमच्यापैकी कुणी काय सांगतं?

डॉ_गोठेवाली

पशुवैद्य आहे, म्हणून मध्ये पडते.

ससा रवंथ करत नाही. त्याला गाईसारखं चार कप्प्यांचं पोट नाही. पण तो काय करतो ते मुलांना सांगितलं तर ती याहून जास्त खूश होतील. सशाचं चाऱ्याचं आंबवणं मागच्या बाजूला, मोठ्या आंधळ्या आतड्यात होतं. तिथून मऊ, ओलसर गोळ्यांचे घोस बाहेर पडतात आणि ससा ते तोंड लावून थेट गिळतो. त्यातली प्रथिनं आणि जीवनसत्त्वं दुसऱ्या फेरीत अंगी लागतात. म्हणजे तोच चारा दोनदा पोटातून जातो. शिवाय बसल्या बसल्या त्याचं तोंड सारखं हलत असतं. रानात लांबून पाहणाऱ्या माणसाने त्याला रवंथ करणाऱ्यांत घातलं तर नवल नाही. ते पुस्तक लोकांना काय खावं ते सांगतंय, ते पोट फाडून लिहिलेलं शरीरशास्त्र नव्हे. मुलाला एवढं सांगा, त्याला पुरेल.

रवंथ शिकवायचाच असेल तर आकृती नंतर काढा. गाईच्या डाव्या कुशीवर, शेवटच्या बरगडीच्या मागे जो खळगा असतो तिथे मूठ दाबून ठेवायला सांगा. निरोगी गाईत दोन मिनिटांत दोन-तीनदा आतून लाट येते आणि मूठ बाहेर ढकलली जाते. कान लावला तर लांबून ढग गडगडल्यासारखं ऐकू येतं. ज्या मुलाने ते एकदा ऐकलं त्याला पोटफुगी म्हणजे काय ते पाठ करावं लागत नाही.

आता उत्क्रांतीचं. मी धर्मावर बोलणार नाही, मला त्यातलं कळत नाही. पण शेळ्यांना जंतनाशक पाजणाऱ्या कुणालाही निवड म्हणजे काय ते कळतं. सगळ्या कळपाला दर वेळी तेच औषध, तेही अंदाजाने कमी मात्रेत दिलं की जे जंत त्यातून वाचतात त्यांचीच पिलावळ वाढते. काही काळाने औषध पाण्यासारखं होतं. हे रोजचं आहे, हे आमच्या डोळ्यांसमोर होतं, याला कुठल्याही पालकाची हरकत नसते. तिथून सुरुवात करा. आणि शिकवताना उपायही शिकवा: शेळीची खालची पापणी उलटून आतला रंग बघायचा. लालभडक असेल तर औषध नको, फिकट पांढरी असेल तर जंत रक्त पीत आहेत. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फमाचा नावाचा पाच रंगांचा तक्ता तयार झाला, एक म्हणजे लाल, पाच म्हणजे पांढरा. कळपातल्या थोड्याच शेळ्यांच्या पोटात बहुतेक जंत असतात, तेवढ्यांनाच पाजलं की औषध टिकतं. आठवीची पोरंही हे बिनचूक करतात.

आणि बाई, यातलं काहीही वाचलं नाहीत तरी चालेल, पण हे वाचा. शाळेत शेळी गाभडली तर पडलेला गर्भ आणि जार मुलांच्या हाताला लागता कामा नये. ब्रुसेला हा गर्भपात घडवणारा जंतू असू शकतो, त्याची लागण माणसालाही होते. हातमोजे मोठ्या माणसाने घालायचे, खोल खड्डा, वर चुना. व्यायच्या वेळी मुलांना पाहू द्या, ओढायला लावू नका. कच्चं दूध चाखू देऊ नका, कितीही हट्ट केला तरी. गोठ्यातून बाहेर पडताना साबणाने हात, प्रत्येकाने, शिक्षकांनीसुद्धा. आणि लाळ गळणारं, हंबरणं बदललेलं, गिळता न येणारं जनावर दिसलं तर 'घशात काहीतरी अडकलं असेल' म्हणून कुणीही तोंडात हात घालायचा नाही. रेबीज गाईलाही होतो.

जुना_शेतीमास्तर

डॉक्टर बाई, जंतांचं उदाहरण झकास. मी अभ्यासक्रमात असलेलं सगळं शिकवायचो, उत्क्रांतीसकट, आणि वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेत तसं सांगून टाकायचो. आधी सांगितलं की निम्मी कुरबुर तिथेच संपते. उरलेल्यांना म्हणायचो, तुमच्या मुलाने हे कुणाकडून तरी ऐकायचंच आहे, तर ते तुमच्या शाळेतल्या माणसाकडून ऐकू दे. सगळ्यांना पटायचं असं नाही. एक गृहस्थ शेवटपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, पण मुलगा कृषी महाविद्यालयात घातला.

आता बोकड.

शाळेत जनावर पाळायचं तर ते कुठून आलं आणि कुठे जाणार हे मुलांना पहिल्या दिवसापासून माहीत हवं. करडू जन्मलं की त्याच आठवड्यात नोंदवहीत लिहायचं: मादी, कळपात राहील. नर, वजन भरलं की विक्री. मुलांनीच लिहायचं, आपल्या अक्षरात. मग विक्रीच्या दिवशी कुणी फसवल्याची भावना राहत नाही. रडतील. रडू द्या. सुट्टीच्या दिवशी गुपचूप विकलंत तर सोमवारी दावं रिकामं बघून ती दुसरंच काहीतरी शिकतील, ते म्हणजे मोठी माणसं या विषयावर खोटं बोलतात.

नावं ठेवली तर ठेवू द्या. काही शिक्षक म्हणतात विकायच्या जनावराला नंबर द्यावा, जीव अडकत नाही. मला ते पटत नाही. जीव अडकायलाच हवा. ज्याच्यात जीव अडकलेला नसतो त्याच्या पाण्याची बादली शुक्रवारी कुणी भरत नाही. न्यूकॅसल विद्यापीठाने 2009 मध्ये ब्रिटनमधल्या 516 दूध उत्पादकांची पाहणी छापली होती. गाईंना नावाने हाक मारणाऱ्यांच्या गाई वेतात 258 लिटर जास्त दूध देत होत्या. नावाने दूध वाढतं असा त्याचा अर्थ मी घेत नाही. नावाने हाक मारणारा माणूस गाईच्या जवळ जातो, तिचं लंगडणं त्याला लवकर दिसतं, एवढाच घेतो.

इथे वचन हवं असेल तर बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं 25:4. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं घालू नको. दोन हजार वर्षांहून जुना नियम, आणि तो कामाच्या वेळच्या भुकेचा नियम आहे, बैलाच्या बाजूने. याच्या शेजारी मी 1965 चा ब्रॅम्बेल समितीचा अहवाल ठेवायचो. ब्रिटिश सरकारने नेमलेली समिती. तिने म्हटलं की जनावराला किमान उठता, बसता, वळता, अंग चाटता आणि हातपाय ताणता आलं पाहिजे. मुलांना मोजपट्टी देऊन आपल्याच गोठ्यात पाठवा: आपल्या शेळ्यांना हे पाचही जमतं का? आमच्या गोठ्यात दोन कप्पे तोडून एक करावा लागला. मुख्याध्यापकांनी खर्चाची सही केली कारण मुलांनी अर्जावर वर वचन लिहिलं होतं. तिथे ते शोभलं.

मारून खाणं बरोबर की चूक, हे मी वर्गात ठरवून देत नसे. घरोघरी वेगळं असतं आणि ते घरच्यांनी सांगावं. मी फक्त नियम सांगायचो की तोवर त्याला भूक, तहान, भीती आणि दुखणं यांतलं जे टाळता येतं ते टाळायचं, आणि गाडीत चढवतानाही. पाय बांधून टपावर टाकलेलं आमच्या शाळेचं जनावर कधी गेलं नाही.

नवी_शेतीबाई

नोंदवही आजच घालते. या तिघांच्या बाबतीत उशीर झालाय, पण मुलांना उद्याच मोकळेपणाने सांगणार आहे. काठ्यांचा तास आज घेतला. ती मुलगी एकतिसावा अध्याय मोठ्याने वाचत होती आणि 'नर' या शब्दावर मागून एकजण ओरडला, "बाई, मेंडेल!" सध्या एवढं बस आहे.

विक्रीचं एक विचारायचं राहिलं. व्यापारी येतो, बोकड हाताने उचलतो आणि वजन सांगतो. आमच्याकडे मोठा काटा नाही. तो म्हणेल तेच वजन धरायचं का?

जुना_शेतीमास्तर

अजिबात नाही. कपड्याची मोजफीत घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात मोजा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, तीही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 300, म्हणजे वजन पौंडात आलं. त्याला 2.2 ने भागा, किलो. घेर 28 आणि लांबी 26 असेल तर 68 पौंडांच्या आसपास येतं, म्हणजे जवळपास 31 किलो. जनावर सपाट जागेवर सरळ उभं हवं, मान वर, आणि फीत केसांवरून टेकलेली, आवळलेली नाही. सकाळी चरायला सोडायच्या आधी मोजा, भरल्या पोटी घेर फसवतो.

हे गणित मुलांना आदल्या दिवशी वहीत करू द्या. व्यापाऱ्याचा आकडा त्याच्या तोंडून आधी वदवून घ्या, मग वही उघडा.

डॉ_गोठेवाली

फितीत थोडाफार फरक पडतो, विशेषतः लहान करडांत. मोठ्या बोकडाला चालेल. शक्य झालं तर एक टांगता काटा शाळेच्या खर्चात मागून घ्या, जंतनाशकाची मात्रा काढायलाही तोच लागणार आहे.